पावसाळी ब्रेव्हे आणि सायकल वारी: ब्रेक लागत नाही, पंक्चर थांबत नाही, चेन ओरडते

जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पुणे, मुंबई, नाशिक, कोल्हापूर या भागांतल्या कुठल्याही मोठ्या राइडनंतर त्याच तक्रारी ऐकू येतात. घाटात ब्रेक लागेना. एकाच चाकाला तीनदा पंक्चर झालं. साठ किलोमीटरनंतर चेन ओरडायला लागली. बोटं इतकी गारठली की गिअर पडेना. २०० किलोमीटरची बीआरएम असो (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, हिलाच ब्रेव्हे म्हणतात) की आषाढीच्या आधी निघणारी पंढरपूर सायकल वारी, यादी तीच. आणि कारणही ठरलेलं सांगितलं जातं: पाऊस फार होता.

पाऊस असतोच. पण नुसत्या पाण्याने सायकल बंद पडत नाही, ती बंद पडते कचेने. उन्हाळाभर रस्त्याच्या कडेला खडीची भुकटी, बाटल्यांच्या काचा, बाभळीचे काटे, ट्रकच्या फाटलेल्या टायरमधल्या केसासारख्या बारीक तारा साचलेल्या असतात. जोरदार सर आली की हे सगळं वाहून डांबरावर येतं, आणि त्यात डिझेलचा तवंग मिसळतो. एकटे चालवत असाल तर फक्त तुमच्या चाकांनी उडवलेली कच तुमच्या सायकलवर येते. शंभर-दोनशे जणांच्या राइडमध्ये पुढच्या सगळ्यांची येते. म्हणून खालचे बहुतेक उपाय फिरून एकाच गोष्टीकडे येतात: कच जमू द्यायची नाही, आणि जमली की वाटेतच धुऊन काढायची.

ब्रेक दाबला तरी सायकल पळतच राहते

आधी रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या कडीवर, रिमवर, रबर दाबणारा. ओल्या रिमवर ब्रेकचं रबर टेकतं तेव्हा ते सुरुवातीला फक्त पाणी पुसत असतं. ७०० बाय २८ टायरच्या चाकाचा घेर साधारण २.१ मीटर. पाणी पुसायला चाकाचे दोन फेरे गेले तर चार मीटरहून जास्त अंतर ब्रेकविना गेलं. घाबरून लिव्हर आणखी जोरात आवळला जातो, तेवढ्यात रिम कोरडी होते आणि ब्रेक एकदम धरतो. पावसात पडणारे बरेचजण ब्रेक न लागल्याने पडत नाहीत, उशिरा आणि एकदम लागल्याने पडतात.

उपाय हाताच्या सवयीचा आहे. उतारावर दर काही सेकंदांनी दोन्ही ब्रेक हलके टेकवून रिम पुसत राहा, वेग कमी करायचा नसला तरी. वळण दिसलं की कोरड्या रस्त्यावर जिथे ब्रेक लावाल त्याच्या कितीतरी आधी सुरुवात करा, आणि ब्रेकने पकड घेतल्याचं बोटांना जाणवलं की दाब थोडा सोडा. सगळा वेग वळणाच्या आधी कमी करा. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक दाबायची वेळ आली तर चूक आधीच झालेली असते.

रबराची देखभाल तितकीच महत्त्वाची. पावसात घाट उतरल्यावर ब्रेकमधून खर्र असा आवाज येत असेल तर चाक काढून रबराचा पृष्ठभाग उजेडात धरा. काळ्या रबरात चांदीसारखे चमकणारे ठिपके दिसतील. कचेने रिमचं ॲल्युमिनियम ओरबाडलं आणि त्याचे कण रबरात रुतून बसले, त्यांचे हे ठिपके. तसेच ठेवलेत तर पुढच्या प्रत्येक ब्रेकला ते रिम कातत राहतात. टाचणीच्या टोकाने एकेक कण उकरून काढा, मग पॉलिश पेपरवर रबर चार-पाच वेळा घासून वरचा गुळगुळीत थर काढा. रिम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या फडक्याने पुसा. रिमवर झीज दाखवणारी खाच किंवा बारीक खड्डा असतो. तो पुसट झाला असेल तर त्या रिमवर घाट उतरू नका. ओल्यासाठी वेगळ्या मिश्रणाची रबरं मिळतात, कूल स्टॉपची तांबूस रबरं त्यासाठीच ओळखली जातात. साध्या रबरापेक्षा महाग पडतात, पण पावसाळ्यात पैसे घालायचे तर आधी इथे घाला.

वारीत अजूनही स्टीलच्या रिमच्या साध्या सायकली मोठ्या संख्येने असतात. ओल्या स्टीलवर रबर जवळजवळ धरतच नाही, आणि रबर बदलून फारसा फरक पडत नाही. अशी सायकल असेल तर निदान पुढचं चाक तरी ॲल्युमिनियमच्या रिमचं करून घ्या. ते जमत नसेल तर भिजलेला घाट पायी उतरा. दिवे घाटासारख्या रस्त्यावर बाजूने ट्रक जात असताना तो वेळ वाचवण्यासारखा नाही.

आता डिस्क, म्हणजे चाकाच्या मध्यावरची धातूची तबकडी (रोटर) दोन पॅडमध्ये दाबणारा ब्रेक. डिस्क ब्रेक ओल्यात नक्कीच चांगला लागतो, पण त्याचे पॅड किती भराभर झिजतात याचा अंदाज अनेकांना नसतो. कचेच्या पाण्यात रेझिनचे पॅड एकाच लांब पावसाळी राइडमध्ये संपू शकतात. धातूमिश्रित पॅड जास्त टिकतात, थोडा आवाज करतात, आणि घेण्यापूर्वी रोटरवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं कोरलेलं नाही ना हे बघावं लागतं. पॅडवरचा घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरला की पॅड बदला. २०० किलोमीटरच्या पावसाळी राइडला निघताना मात्र तो किमान दीड मिलिमीटर असू द्या. शिमानोचा रोटर नवा असताना १.८ मिलिमीटर जाड असतो आणि १.५ ला बाद होतो, दुकानात जाडी मोजायचा व्हर्नियर असेल तर मोजून घ्या.

मेकॅनिकल डिस्क, म्हणजे केबलवर चालणारी, झिजेप्रमाणे आपोआप पुढे सरकत नाही. सकाळी घट्ट असलेला लिव्हर दुपारी हँडलला टेकतो आणि स्वाराला वाटतं ब्रेक गेला. ब्रेक गेलेला नसतो, पॅड झिजून लांब गेलेले असतात. ॲलन कीने किंवा कॅलिपरवरच्या (पॅड धरणाऱ्या भागावरच्या) चकतीने आतला पॅड एक-दोन टिक पुढे घ्या, बाहेरच्या बाजूचं अंतर केबलच्या ॲडजस्टरने कमी करा. हे घरी दोनदा करून बघा, म्हणजे रस्त्यावर दोन मिनिटांत होतं. हायड्रॉलिकमध्ये ही झीज ब्रेक स्वतःच भरून काढतो, त्यामुळे पॅड संपल्याचं लिव्हरवर कळत नाही. तिथे डोळ्यांनीच बघावं लागतं.

डिस्क किंचाळत असेल तर दोन शक्यता. पाण्याने किंचाळत असेल तर चार-पाच वेळा जोरात ब्रेक लावल्यावर आवाज कमी होतो, काळजी नको. आवाज कमी होत नाही आणि पकडही कमी झाली असेल तर पॅडला तेल लागलंय. बहुतेक वेळा ते तुमच्याच चेनचं असतं, राइडच्या सकाळी घाईत फवारलेलं. रोटर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. पॅड तेल पिऊन बसला असेल तर घासून फारसा उपयोग होत नाही, बदलावाच लागतो. म्हणून डिस्कच्या सायकलजवळ फवाऱ्याचं तेल आणूच नका, थेंबाची बाटली वापरा.

एकाच चाकाला पुन्हा पुन्हा पंक्चर

ओलं रबर काचेने पटकन कापलं जातं, पाणी तिथे वंगणाचं काम करतं. कोरड्यात जी काच टायरला चाटून निघून जाते ती ओल्यात चिकटते, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडी आणखी आत जाते. पहिलं पंक्चर दुर्दैवाने होतं. दुसरं आणि तिसरं बहुतेक वेळा पहिल्या वेळी टायरमध्ये राहून गेलेल्या तारेमुळे होतं.

पावसात ट्यूब बदलायची पद्धत नेहमीपेक्षा थोडी वेगळी. आडोसा शोधा, बसथांबा, पेट्रोल पंपाचं छत, काहीही. चाक काढण्यापूर्वी बाटलीतलं पाणी ओतून टायर आणि रिमची कड धुवा, नाहीतर टायर उघडल्याबरोबर बाहेरची कच आत पडते आणि नव्या ट्यूबलाच कापते. डिस्क असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबायचा नाही. पॅडच्या मध्ये पुठ्ठ्याची घडी खुपसून ठेवा.

टायर बसवताना टायरवरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर यावं अशी सवय घरापासून लावून घ्या. त्याचा उपयोग आता होतो. टायरची एकच बाजू उघडा आणि ट्यूब बाहेर काढून फुगवा. पावसाच्या आवाजात फुसफुस ऐकू येत नाही, म्हणून ट्यूब ओठांजवळून हळूहळू फिरवा, बारीकशी हवाही ओठांना लगेच लागते. भोक सापडलं की ट्यूब टायरवर तशीच ठेवा, व्हॉल्व्हपासून तेवढ्याच अंतरावर, आणि टायरच्या त्या जागेला आतून व बाहेरून निरखा. ट्यूब उलटी फिरली असण्याची शक्यता असते, म्हणून व्हॉल्व्हच्या दुसऱ्या बाजूला तेवढ्याच अंतरावरही बघा.

तार अशी दिसत नाही. टायर त्या जागी दोन्ही अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला वाकवा. रबरात एक बारीक चीर उघडेल, आणि तिच्यात करड्या रंगाचा ठिपका दिसेल, पेनाने टेकवल्याएवढा. नखाने तो निघत नाही, उलट आत जातो. चिमट्याने पकडून सरळ ओढा. तीन-चार मिलिमीटरची, ताठ, गंजलेली तार हातात येईल. मग रुमालाचा कोपरा टायरच्या आतून पूर्ण गोल फिरवा. कुठे अडकला तर तिथे आणखी काही आहे. उघडं बोट फिरवू नका, गारठलेल्या बोटाला काच कापल्याचं कळतही नाही.

टायर आणि रिम आतून फडक्याने पुसून नवी ट्यूब जरा हवा भरून बसवा. शेवटचा भाग अंगठ्यांनीच चढवा, लिव्हरने चढवताना ट्यूब चिमटते. पूर्ण हवा भरण्याआधी दोन्ही बाजूंनी टायर दाबून ट्यूब कुठे कडेखाली अडकली नाही ना हे बघा. पॅच रस्त्यावर लावायच्या भानगडीत पडू नका. सोल्युशन ओल्या रबरावर धरत नाही, लावलेला पॅच दहा किलोमीटरवर सुटतो. दोन कोऱ्या ट्यूब न्या आणि पॅच घरी लावा.

भोकाची जागा बरंच सांगते. शेजारी शेजारी दोन लहान चिरा असतील तर ट्यूब रिम आणि खड्ड्याच्या कडेत चेपली, म्हणजे हवा कमी होती किंवा खड्डा डबक्याखाली लपला होता. भोक ट्यूबच्या आतल्या, रिमच्या बाजूला असेल तर टायरमध्ये शोधून काही मिळणार नाही. रिम टेप सरकली आहे किंवा स्पोकचं टोक वर आलंय.

हवेबद्दल: कोरड्यात जेवढी ठेवता त्यापेक्षा ५ ते १० पीएसआय कमी. ७० किलोच्या स्वाराला २८ मिलिमीटर टायरमध्ये ६५ ते ७० पुरते. त्याहून खाली जाऊ नका, कारण पावसात खड्डे दिसत नाहीत. ट्यूबलेस असेल तर सीलंट, म्हणजे टायरमधलं भोक बुजवणारं द्रव, पाऊस सुरू होण्याच्या आधी नव्याने भरा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत सुकतं आणि ऐन वेळी आत फक्त रबराची साय उरलेली असते. हवा भरायच्या सीओटूच्या नळकांड्यावर एकट्यावर भिस्त ठेवू नका, ते संपल्यावर पावसात उभं राहण्यापेक्षा छोटा हातपंप बरा.

चेन ओरडते, गिअर अडकतो

उन्हाळ्यात वापरलेलं ड्राय ल्युब किंवा मेण जोरदार पावसात तास-दोन तासांत धुऊन जातं. पावसाळ्याला वेट ल्युबच हवं. ते आदल्या रात्री लावायचं, सकाळी नाही: चेन स्वच्छ आणि कोरडी करून प्रत्येक कडीच्या रोलरवर एक थेंब, पॅडल उलटे फिरवून ते आत जिरू द्यायचं, आणि सकाळी बाहेरचं सगळं फडक्याने पुसून टाकायचं. बाहेर राहिलेलं तेल चेनचं काहीच भलं करत नाही, फक्त कच धरून ठेवतं. इंजिन ऑइल आणि खोबरेल तेल याच कारणाने नको. निळ्या-पिवळ्या डब्यातला डब्ल्यूडी-४० चा नेहमीचा फवारा पाणी हटवतो, पण चेनचं वंगण म्हणून टिकत नाही.

सोबत १५-२० मिलिलिटरची वेट ल्युबची बाटली असू द्या. चेन ओरडली की थांबा, आधी पाण्याने कच धुवा, पुसा, मग खालच्या पट्ट्यावर थेंब सोडत पॅडल दहा-बारा वेळा उलटे फिरवा, पुन्हा पुसा. न धुता तेल सोडलंत तर आवाज बंद होईल, पण आत कच आणि तेलाची लेई तयार होऊन कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्या, पॉलिश पेपरने घासल्यासारखी झिजेल. डिस्क असेल तर हे करताना मागच्या रोटरवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा. गिअर जड पडत असतील तर केबलच्या आउटरमध्ये पाणी आणि गंज आहे. रस्त्यावर त्याला इलाज नाही. पाऊस सुरू होण्याआधी केबल-आउटर बदलणं हाच तो.

काळ्या मातीत चाक फिरतच नाही

ही अडचण घाटापेक्षा अहिल्यानगर, सोलापूर, पंढरपूरकडच्या पट्ट्यात जास्त. रुंदीकरणाचं काम चालू असलेल्या जागी वळणरस्ता शेताच्या कडेने काढलेला असतो, एक सर पडली की ती काळी माती टायरला थर धरून बसते. मडगार्ड आणि टायर यांच्यातली जागा शंभर पावलांत भरते आणि चाक जागच्या जागी घट्ट होतं. जोर लावून पॅडल मारू नका, चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणारा डेरेलर वाकतो. सायकल ढकलूही नका, ढकलल्याने थर वाढतो. ती खांद्यावर घ्या आणि डांबरापर्यंत चालत जा. मग काडीने किंवा जुन्या स्पोकने मडगार्डच्या आतली माती ओढून काढा, सुकायच्या आत. सुकली की ती विटेसारखी होते. या भागातून जाणार असाल तर टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर तरी जागा ठेवा.

मडगार्ड मात्र काढू नका. ते तुमच्याइतकंच मागच्यासाठी असतं. ब्रिटनमधल्या हिवाळी क्लब राइडमध्ये मडगार्ड नसलेल्याला गटाच्या शेवटी चालवायला सांगतात, आणि ते योग्यच आहे. जुन्या फ्लेक्सचा किंवा प्लॅस्टिकच्या बाटलीचा तुकडा कापून दोन झिप टायने मागच्या मडगार्डला लावा, जमिनीपासून चार बोटं वर राहील एवढा लांब. मागच्याच्या डोळ्यांत जाणारी घाण त्याने थांबते.

गटात एकजण पडला की पाचजण पडतात

३० किलोमीटर वेगाने एका सेकंदात आठ मीटरहून जास्त अंतर जातं. गटात काहींना डिस्क असते, काहींना रिम ब्रेक. पुढच्या डिस्कवाल्याने सहज ब्रेक लावला तर मागच्या रिम ब्रेकवाल्याचं रबर अजून पाणीच पुसत असतं. कोरड्यातलं चाकाला चाक लावून चालणं पावसात बंद. सपाटीला दोन-तीन सायकलींचं अंतर, घाट उतरताना किमान वीस-तीस मीटर, आणि पुढच्याच्या अगदी मागे न राहता थोडं बाजूला, म्हणजे तो थांबला तर तुम्हाला निसटायला जागा राहील.

खड्डा दाखवायला हात हँडलवरून काढू नका, ओरडा: खड्डा, ब्रेक, मागून गाडी. आवाज पावसात मागपर्यंत पोचत नाही, म्हणून ऐकणाऱ्याने तोच शब्द पुढे ओरडायचा. टेल-लाइट गटात असताना स्थिर ठेवा. लुकलुकणारा लाल दिवा ओल्या चष्म्यातून मागच्याला आंधळा करतो.

ओल्यात घसरवणाऱ्या जागा ठरलेल्या असतात: झेब्रा क्रॉसिंग आणि कडेचा पांढरा पट्टा, गटारांची लोखंडी झाकणं, पुलांवरच्या सांध्यांच्या पट्ट्या, टोलनाक्याच्या रांगेतलं ऑइल, शेवाळलेले पेव्हर ब्लॉक. यांच्यावर सायकल सरळ ठेवा, ब्रेक सोडा, पॅडल थांबवा. रेल्वे फाटकाचे रूळ काटकोनातच ओलांडा, रस्ता तिरका असेल तर गटाला ओरडून सांगून स्वतःची रेघ बदला. डबक्यातून जायचं नाही, त्याखाली किती खोल आहे हे कुणालाच दिसत नाही. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर घोट्याएवढं असलं तरी थांबा.

आयोजकांनी दोन गोष्टी केल्या तर बरेच अपघात टळतील. ताम्हिणी किंवा बोरघाटासारख्या उताराच्या माथ्यावर एक माणूस उभा करून प्रत्येकाचे ब्रेक दाबून बघावेत, आणि स्वारांना अर्ध्या-अर्ध्या मिनिटाच्या अंतराने खाली सोडावं.

गारठा

घाटमाथ्यावर पावसात तापमान वीसच्या आसपास असतं. ऐकायला ही थंडी नाही. पण भिजलेल्या अंगाने ४० च्या वेगाने उतरताना अंगातली ऊब झपाट्याने जाते, आणि चढावर घाम आलेला असतो, म्हणून माथ्यावर कुणालाच जॅकेट घालावंसं वाटत नाही. तिथेच घाला. कोकणात सपाटीला तेच जॅकेट उकडवतं, तिथे काढा. सुती बनियन पाणी धरून ठेवतो, तो नको. पातळ लोकर किंवा पॉलिस्टर चालतं. अडचणीच्या वेळी चहाच्या टपरीवरून जुना पेपर घेऊन छातीवर जर्सीच्या आत सारा, वारा अडतो. हातमोज्यांच्या आत डॉक्टर वापरतात ते पातळ नायट्राइलचे मोजे घातले तर बोटं भिजली तरी वाऱ्याने गार पडत नाहीत.

अंगठ्याने करंगळीला स्पर्श करता येत नसेल तर उतार सुरू करायचा नाही. हाच नियम सोबत्यालाही लावा. हुडहुडी, बोलताना अडखळणं, साध्या प्रश्नाला चुकीचं उत्तर, ही लक्षणं दिसली की त्याला आडोशाला घ्या, ओलं वरचं काढून कोरडं घाला, साखरेचा गरम चहा द्या. हुडहुडी थांबली पण माणूस सुस्त होत चाललाय असं असेल तर तो बरा होत नाहीये, गाडी बोलवा आणि दवाखाना गाठा.

पावसात तहान लागत नाही आणि माणूस चार तास पाणी न पिता चालवतो. तासाला अर्धा लिटर तरी घ्या. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, ती अर्ध्या लिटरच्या बाटलीत पूर्ण ओतू नका. सायकलिंग शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र नको, शॉर्ट्समधल्या गादीला आणि मांड्यांना क्रीम लावा, पायांच्या बोटांना पेट्रोलियम जेली. कच शॉर्ट्समध्येही शिरते, जांघा सोलवटतात त्या तिनेच. मध्यावर एकदा धुऊन पुन्हा क्रीम लावा. पायाला जखम असून साचलेल्या पाण्यातून जावं लागलं तर घरी आल्यावर डॉक्टरांना दाखवा, लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधाच्या गोळ्या पहिल्या तीन दिवसांत सुरू कराव्या लागतात.

कंट्रोलवर पाच मिनिटं

२०० ची बीआरएम साडेतेरा तासांची, म्हणजे ८१० मिनिटं. चालताना सरासरी ताशी १८ किलोमीटर पडली तर चाकावर सुमारे ६६७ मिनिटं जातात आणि १४० च्या वर हातात उरतात. वाटेतल्या चार कंट्रोलवर, म्हणजे वेळ नोंदवायच्या थांब्यांवर, पाच-पाच मिनिटं सायकलला दिली तरी वीसच खर्च होतात. एक न सापडलेली तार यापेक्षा जास्त वेळ खाते.

पोचल्याबरोबर, चहा सांगायच्या आधी, एक बाटली पाणी सायकलवर: आधी टायर, मग रिम किंवा कॅलिपर, मग चेन. ओलं फडकं टायरवर धरून चाक फिरवा, काच अजून आत गेली नसेल तर याच वेळी निघते. रबर किंवा पॅड किती उरलंय ते बघा. लिव्हर आवळून हँडलपासून किती लांब राहतो ते बघा. चेन पुसून तेल. मग चहा.

थांब्यांच्या वेळा लिहायचं ब्रेव्हे कार्ड झिप लॉकच्या पिशवीत, आणि ते भरायला बॉलपेन, कारण जेलपेनची शाई पसरून वेळ वाचता येत नाही. फोनची टचस्क्रीन ओल्या बोटांना दाद देत नाही, म्हणून रस्ता कागदावरही लिहून ठेवा. दिव्यांच्या चार्जिंगच्या तोंडावर इन्सुलेशन टेप लावा. फोनच्या चार्जिंगच्या तोंडात पाणी असेल तर पॉवर बँक जोडू नका, आधी झटकून वारा लागू द्या.

घरी आल्यावर, झोपायच्या आधी

अंघोळ आधी सायकलची. साध्या नळाने, प्रेशर वॉशरने नाही, तो हबच्या (चाकाच्या मध्याच्या) आणि बॉटम ब्रॅकेटच्या (पॅडलच्या आसाच्या) बेअरिंगमध्ये पाणी घुसवतो. सीट पोस्टला टेपची खूण करून तो बाहेर काढा आणि सायकल उलटी धरा, सीट ट्यूबमधून कपभर पाणी निघालं तर नवल वाटून घेऊ नका. बॉटम ब्रॅकेटखाली निचऱ्याचं भोक असेल तर ते चिखलाने बुजलेलं असतं, काडीने मोकळं करा. चेन फडक्याने कोरडी करून तेल द्या, सकाळपर्यंत तशीच ठेवली तर ती तांबूस होते. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि दोन तासांनी बदला.

दुसऱ्या दिवशी दोन्ही चाकं काढून हबचा दांडा बोटांत धरून फिरवा. वाळू असल्यासारखं खरखरलं तर बेअरिंगमध्ये कच गेली आहे, पुढच्या राइडच्या आधी उघडून ग्रीस भरून घ्या. टायर उतरवून आतून रुमाल पुन्हा एकदा फिरवा आणि बाहेरची प्रत्येक चीर वाकवून बघा. राइडमध्ये पंक्चर झालं नसेल तरीही.